पुरलेला तालांत : नम्रता आणि अल्पमनस्कता

धर्मसेवेत असलेल्या माणसांच्या तोंडी काही वाक्ये वारंवार ऐकू येतात. "माझी तेवढी योग्यता नाही." "आमच्यासारख्या साध्या माणसांच्या हातून ते कोठून व्हायचे?" "आहे ते बरे चालले आहे, अधिक कशाला?" ही वाक्ये ऐकून आपणांस बरे वाटते, कारण ती नम्रतेच्या भाषेत बोललेली असतात, आणि नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे हे आपण सर्वच जाणतो. परंतु ह्या वाक्यांच्या पाठीमागे प्रत्येक वेळी नम्रताच उभी असते काय? तिचा अंगरखा पांघरून दुसरेच कोणी आपल्या सेवेत शिरलेले तर नसते ना? प्रस्तुत लेखात आम्हांस ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. धर्मगुरू आणि धर्मशिक्षक ह्यांच्या मार्गात बाहेरच्या अडचणी थोड्या नाहीत. वेळ अपुरा, ग्रंथ थोडे, मंडळी पांगलेली, अशी ती यादी सर्वांस पाठ आहे. येथे मात्र आम्ही बाहेरच्या अडचणी बाजूस ठेवून अंतःकरणातील अडथळ्यांविषयीच बोलणार आहोत. कारण बाहेरच्या अडचणी माणसाचे काम अडवितात, तर आतले अडथळे माणसालाच अडवितात.

उत्तमता म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उत्तमतेचा ध्यास म्हणजे मोठेपणाची हाव, असे अनेकांस वाटते, आणि म्हणून भाविक मनुष्य त्या शब्दापासूनच दूर राहतो. पवित्र शास्त्राची भूमिका अशी नाही. प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहिताना (३:१२–१४) स्वतःस धावणाऱ्याची उपमा देतो. आपण अजून पूर्णत्वास पोहोचलो नाही हे तो मोकळेपणाने मान्य करतो, आणि त्याच श्वासात मागील गोष्टी विसरून पुढील गोष्टींकडे झेप घेत असल्याचे सांगतो. हे पत्र लिहिणारा पौल तरुण नव्हता, मोकळाही नव्हता. तो बंधनात होता. तरी आपली शर्यत संपली असे त्याने मानले नाही.

ह्या उपमेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ख्रिस्ती उत्तमता ही पोहोचल्याची खूण नसून धावण्याची दिशा आहे. म्हणून ती अपूर्ण माणसालाही साधते, किंबहुना त्यालाच साधते. तसेच पौलाची नजर इतर धावणाऱ्यांवर नाही, बोलावणाऱ्यावर आहे. महत्त्वाकांक्षी मनुष्य विचारतो, "मी कोणाच्या पुढे आहे?" उत्तमतेचा साधक विचारतो, "जे मजकडे सोपविले आहे, ते मी पूर्ण मनाने करीत आहे काय?" ह्या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे ते ध्यानी ठेवले, म्हणजे पुढील विवेचन समजणे सुलभ होईल.

जमिनीत पुरलेला तालांत

मत्तयकृत शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला (२५:१४–३०) आपण कितीतरी वेळा वाचला आणि शिकविला आहे. धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवितो. पहिले दोघे व्यापार करून ठेव दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून आपला तालांत पुरून ठेवतो. ह्या दाखल्यातील तीन तपशिलांकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

पहिला तपशील रकमेचा. एका तालांताची किंमत सुमारे सहा हजार दिनार होती, आणि मत्तयाच्याच विसाव्या अध्यायावरून दिसते की एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. वर्षातील तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, तरी एक तालांत म्हणजे वीस वर्षांची कमाई. तेव्हा ज्याला "एकच" मिळाला, त्यालाही थोडे मिळाले नव्हते. शेजाऱ्याच्या पाच तालांतांकडे पाहिल्यामुळे ते त्याला थोडे वाटले असेल, एवढेच.

दुसरा तपशील पुरण्याचा. दासाचे हे कृत्य आपल्याला विचित्र वाटते. त्या काळच्या लोकांस ते तसे वाटले नसते. यहुदी शास्त्रचर्चेत दुसऱ्याच्या पैशांची ठेव जमिनीत पुरून ठेवणे ही तिच्या रक्षणाची खात्रीची रीत गणली जाई, आणि तालमूदमध्ये शमुवेल नावाच्या शास्त्रीचे मत तसेच नोंदलेले आहे. म्हणजे तिसऱ्या दासाने चोरी केली नाही, उधळपट्टीही केली नाही. लोकांच्या दृष्टीने तो सावध आणि विश्वासू ठरला असता. ह्यातच दाखल्याची धार आहे. ज्याला कोणीही नाव ठेवू शकत नाही, अशा निर्दोष सावधगिरीलाच प्रभू येशू येथे दोष देतो.

तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा. दास आपल्या कृतीचे कारण स्वतःच सांगतो. धनी कठोर आहे, पेरले नाही तेथे कापणारा आहे, असे त्याला वाटत होते, आणि म्हणून तो भ्याला. आळस हा धन्याने लावलेला दोष. भय हे दासाचे स्वतःचे निदान. दोन्ही खरे आहेत, कारण भयाने हात आखडले की लोकांस दिसतो तो आळसच. परंतु ह्या भयाचे मूळ कोठे आहे? दासाने मनात बाळगलेल्या धन्याच्या चित्रात. ज्याने वीस वर्षांची कमाई विश्वासाने हाती दिली, त्यालाच तो कठोर म्हणतो. देणाऱ्याविषयीचे चित्र बिघडले की देणगी ओझे होते, आणि ओझे मनुष्य कोठे तरी उतरवून ठेवतो.

येथे धर्मशिक्षकांस थांबून विचार करावा लागतो. आपण मुलांस आणि नवश्रद्धावंतांस कोणता देव शिकवितो? चुकांची वही घेऊन बसलेला देव शिकविला, तर आपण तालांत पुरणाऱ्यांची एक पिढी घडवू. ती मंडळी शिस्तीची असेल, उपासनेस वेळेवर येईल. पण काही नवे करण्यास, कोणाला क्षमा करण्यास, कोणासाठी झळ सोसण्यास ती धजणार नाही.

मोशेच्या पाच सबबी

भय आणि नम्रता ह्यांतील सीमारेषा निर्गमच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत फार स्पष्टपणे दिसते. जळत्या झुडपापाशी पाचारण झाल्यावर मोशे एकामागून एक पाच वेळा अडखळतो. मी कोण, असे तो प्रथम विचारतो. मग, तुझे नाव काय म्हणून सांगू? मग, लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. आणि अखेरीस, दुसऱ्या कोणाला तरी पाठव.

देवाची उत्तरे ह्या क्रमाने वाचून पाहावीत. पहिल्या चार वेळा देव रागावत नाही. पहिल्या प्रश्नाला तो सोबतीचे वचन देतो, दुसऱ्याला आपले नाव सांगतो, तिसऱ्याला चिन्हे देतो, चौथ्याला मुख कोणी निर्माण केले ह्याची आठवण देऊन बोलावयास शिकविण्याचे आश्वासन देतो. पाचव्या वेळी मात्र परमेश्वराचा राग भडकला, असे शास्त्र सांगते (४:१४). असे का? पहिले चार हे खरे अडथळे होते, आणि खऱ्या अडथळ्याला देवापाशी उत्तर असते. पाचवा अडथळाच नव्हता. तो नकार होता. अडथळ्यांची सर्व कारणे संपल्यावर जे उरते, ते उघड होते.

आपल्या सेवेतही ह्या दोहोंची गल्लत होते. "मला ह्या विषयाचे ज्ञान नाही" हा अडथळा आहे. त्यावर अभ्यास हा उपाय आहे. "माझा आवाज पोहोचत नाही" हा अडथळा आहे; त्यावर सरावाने काही मार्ग निघतो. पण अभ्यासाची आणि सरावाची संधी समोर असतानाही तेच वाक्य दहा वर्षे उच्चारले जात असेल, तर ते आता अडथळ्याचे वर्णन राहिलेले नाही. तथापि हेही विसरता कामा नये की, त्या रागाच्या क्षणीदेखील देवाने मोशेला सोडले नाही. त्याच वाक्यात त्याने अहरोन दिला. देवाचा राग सेवकाला मोडण्यासाठी नसतो, त्याला उभे करण्यासाठी असतो.

दोन गुण, एक अंतःकरण

ह्या विषयाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात केले. 'सुम्मा थिऑलॉजिया' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात धैर्य ह्या सद्गुणाच्या परिवारात त्यांनी एका गुणाला स्थान दिले आहे, त्याला आपण महामनस्कता म्हणू. आणि त्याच्या विरुद्ध असलेल्या दोषाला अल्पमनस्कता म्हणू. महामनस्क मनुष्य आपल्या शक्तीस साजेशा थोर कार्याकडे मन लावतो. अल्पमनस्क मनुष्य आपल्या शक्तीच्या आवाक्यातील कार्यापासूनही मागे सरतो. अल्पमनस्कतेला दोष ठरविताना थॉमस ह्यांनी नेमका तालांत पुरणाऱ्या दासाचाच दाखला घेतला आहे.

मग नम्रतेचे काय? ज्याने स्वतःला क्षुद्र मानावे, त्यानेच थोर कार्य करू पाहावे हे कसे जमावे? थॉमस ह्यांचे उत्तर असे की, हे दोन गुण एकाच माणसाकडे दोन बाजूंनी पाहतात. माणसाजवळ देवाने दिलेले काही असते आणि स्वतःचे असे उणेपण असते. देवाच्या दानाकडे पाहून तो स्वतःला थोर कार्यास पात्र समजतो, ही महामनस्कता. स्वतःच्या उणेपणाकडे पाहून तो स्वतःला लहान लेखतो, ही नम्रता. दोहोंत विरोध नाही, कारण दोहोंचा विषय भिन्न आहे. पौलानेही आपण सर्व प्रेषितांहून अधिक श्रम केले असे लिहून लगेच ते आपण केले नसून देवाच्या कृपेने केले असे म्हटले आहे (१ करिंथ १५:१०). एकाच वचनात दोन्ही गुण नांदतात.

ह्यापुढे जाऊन थॉमस एक मर्मभेदी गोष्ट सांगतात. अल्पमनस्कता कधी कधी अहंकारातूनच उपजते. आपण अपात्र आहोत ह्या स्वतःच्याच मतावर जो माणूस अडून बसतो, मंडळी, वडीलधारे आणि स्वतः देव ह्यांचे मत वेगळे असतानाही जो आपलेच खरे करतो, तो नम्र कसा? त्याने स्वतःच्या निर्णयाला सर्वांच्या निर्णयावर बसविले आहे.

हाच विचार थॉमस ह्यांच्या सहाशेहून अधिक वर्षे आधी पोप संत ग्रेगरी ह्यांनी मांडला होता. इ. स. ५९० साली ते रोमचे बिशप झाले. ती जबाबदारी टाळण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्याबद्दल एका बिशपबंधूने त्यांना प्रेमाने दोष दिला. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'मेंढपाळीय नियम' हा ग्रंथ लिहिला. त्यात ते दोन संदेष्टे शेजारी उभे करतात. यशया स्वतःहून पुढे आला. यिर्मया मागे सरला. दोघांच्याही वागण्याचे मूळ प्रीतीतच होते, असे ग्रेगरी म्हणतात. एकाला शेजाऱ्याच्या हिताची ओढ होती, दुसऱ्याला देवाच्या सान्निध्याची. परंतु यशया वेदीवरील निखाऱ्याने शुद्ध झाल्यावरच निघाला, आणि यिर्मया शेवटपर्यंत अडून राहिला नाही. मोशेविषयी तर ग्रेगरी म्हणतात की, एवढ्या लोकांचे नेतृत्व त्याने न भिता पत्करले असते तर तो गर्विष्ठ ठरला असता, आणि देवाची आज्ञा मोडून ते नाकारले असते तरीही गर्विष्ठच ठरला असता.

ग्रेगरी हे केवळ ग्रंथात लिहून थांबले नाहीत. त्यांना पोटाचा जुना विकार होता; पुढे संधिवातानेही त्यांना अंथरुणास खिळविले. ह्या दुखण्यामुळे शुभवर्तमानावरील त्यांची काही प्रवचने ते आधी सांगून लिहवून घेत आणि दुसरा कोणी ती मंडळीपुढे वाचून दाखवी. पुनरुत्थानाच्या सणाच्या एका प्रवचनात ते सांगतात की, वाचून दाखविलेले लोक तितक्या आवडीने ऐकत नाहीत असे आपल्याला दिसले आहे. म्हणून आता आपण स्वतःच उभे राहून, लिहविल्याप्रमाणे नव्हे तर संभाषणाच्या रीतीने बोलणार. ज्याला पडून राहण्यास सबळ कारण होते, त्याने श्रोत्यांचे चेहरे पाहिले आणि आपली रीत बदलली. उत्तमतेचा ध्यास म्हणजे काय, ह्याचे एवढे सुबोध उदाहरण प्रवचनकारांस क्वचितच मिळेल.

दुपारचा विषाद

भयाने मनुष्य आरंभ करीत नाही. परंतु असेही पुष्कळ सेवक असतात, की ज्यांनी मोठ्या उत्साहाने आरंभ केला आणि मध्येच कोठे तरी त्यांच्यातील तेज मावळले. ह्या दुसऱ्या अडथळ्याचे निदान चौथ्या शतकातील मिसरच्या अरण्यवासी साधूंनी केले.

पोंतसचा एव्हाग्रियस हा कॉन्स्टॅन्टिनोपल येथे डीकन होता. पुढे तो अरण्यात गेला आणि ३९९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली आहे. त्यांपैकी 'अकेडिया' हा सर्वांत जड असे त्याचे मत होते. ग्रीक भाषेतील ह्या शब्दाचा मूळ अर्थ आस्था नसणे असा आहे. आपण त्याला आध्यात्मिक विषाद म्हणू. एव्हाग्रियसने त्याला दुपारचा दुरात्मा म्हटले आहे, कारण सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत छळतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. साधू पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, जेवणाची वेळ झाली का हे तपासतो. ही जागा नकोशी होते, हे काम नकोसे होते. बंधूंमधील प्रीती आटली, आपले सांत्वन करणारा कोणी उरला नाही, असे विचार येतात. दुसरीकडे गेलो तर सर्व काही सुरळीत होईल असे वाटू लागते.

सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना आपल्यापैकी कोणास आपलाच चेहरा दिसला नसेल? सेवेच्या आयुष्यातही सकाळ असते, दुपार असते. दीक्षेनंतरची पहिली वर्षे ही सकाळ. वार्धक्याची प्रगल्भता ही संध्याकाळ. मधल्या दीर्घ दुपारी मात्र तोच धडा विसाव्यांदा शिकवावयाचा असतो, त्याच घरातील तेच भांडण पुन्हा मिटवावयाचे असते. आम्हांस हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपविणे योग्य नव्हे : अध्यापनाच्या काळात आम्हीही जुन्या टिपणांची वही कित्येक वर्षे न उघडता, केवळ पाठांतराच्या जोरावर वर्ग निभावले आहेत. कोणी तक्रार केली नाही. तक्रार न होणे हीच ह्या रोगाची सोय असते.

जॉन कॅसियन ह्याने ह्या विषादावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आणि त्याच्या शेवटी पौल नावाच्या एका साधूची गोष्ट सांगितली. हा साधू वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत होता. खजूर आणि लहानशी बाग ह्यांवर त्याचे पोट भरे. तेथे काही विणून बाजारात न्यावे, तर वाहतुकीचा खर्च किमतीहून अधिक. तरीही तो रोज ताडाची पाने गोळा करी आणि जणू त्यावरच पोट अवलंबून आहे अशा रीतीने स्वतःला नेमून दिलेले काम पुरे करी. वर्षभराच्या कामाने गुहा भरली की ते सर्व तो जाळून टाकी आणि पुन्हा आरंभ करी.

ही गोष्ट प्रथम वाचताना निरर्थक वाटते. परंतु तिच्यात एक खोल सत्य आहे. ज्या कामाचे मोल बाजार देत नाही, ज्याची दखल कोणी घेत नाही, तेही रोज नेमाने आणि नीट केल्याने करणारा घडतो. अरण्यातील वडिलांचा विषादावरील मुख्य उपाय हाच होता : जागा सोडू नका, आणि आजचे काम आज करा. उत्साह परत येईल तेव्हा काम करू, असे ते म्हणत नसत. काम करीत राहिल्याने मन परत येते, हा त्यांचा अनुभव होता.

तुलना आणि भाषेची लाज

तिसरा अडथळा तुलनेचा. पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी पेत्राला पाचारण केले, त्याच क्षणी पेत्राने मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखविले आणि ह्याचे काय, असे विचारले (योहान २१:२१). त्याला मिळालेले उत्तर असे की, त्याच्याशी तुला काय करावयाचे आहे. तू माझ्यामागे ये. तालांतांच्या दाखल्यातही पाचांचे दहा करणाऱ्याला आणि दोहोंचे चार करणाऱ्याला धन्याने केलेली प्रशंसा शब्दशः एकच आहे (२५:२१, २३). आपण बेरीज पाहतो. धन्याने निष्ठा पाहिली.

ह्या तुलनेचे एक रूप आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी मंडळ्यांत सेवा करणाऱ्या अनेकांच्या मनात एक लाज दडलेली असते. आमची मराठी पुण्याची नव्हे. तीत कोंकणी, कानडी, गुजराती, हिंदी किंवा दखनी शब्द मिसळतात. मग आम्ही मराठीत काय लिहावे आणि काय बोलावे? ह्या लाजेपोटी कित्येक चांगली प्रवचने कागदावर उतरली नाहीत आणि कित्येक धर्मशिक्षकांनी मुलांसाठी स्वतःचा एकही पाठ रचला नाही.

ह्यावर आपल्या परंपरेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, तेव्हा ते तिशीत होते आणि येथील कोणतीही भाषा त्यांची जन्मभाषा नव्हती. साष्टी प्रांतात त्यांची सेवा घडली. तेथील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे दूर झाली होती आणि त्यांच्या जागी मन रमविणारे नवे काही मिळाले नव्हते. ही उणीव स्टीफन्स ह्यांनी ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडलेली होती. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. त्यासाठी ते थांबले नाहीत. आणि भाषेचे म्हणाल, तर गद्य प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, निव्वळ शुद्ध मराठी येथील लोकांस उमजणार नाही, म्हणून आपण स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द तीत मिसळले आहेत. आपण ज्याची लाज बाळगतो, ते त्यांनी लोकांच्या हितासाठी जाणूनबुजून केले. आणि तोच ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने नोंदला गेला.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. अक्षरांशी ओळख झाली तीही विवाहानंतर. पती नारायण वामन टिळक हे नामांकित कवी. अशा घरात स्वतःस लहान लेखणे किती सोपे होते! १९१९ साली टिळक निवर्तले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. त्या वेळी लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी ते काम हाती घेऊन पुढे नेले व पूर्णत्वास पोहोचविले. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य ठरली, आणि तीही त्यांच्या बोलण्यातल्या साध्या, घरगुती भाषेत. त्यांनी दुसऱ्या कोणाचा तालांत वाढविण्याचा प्रयत्न केला नाही; जो स्वतःजवळ होता तो मात्र पुरूनही ठेवला नाही.

साधनेची काही पावले

ह्या विवेचनातून रोजच्या सेवेत काय उतरवावे? आम्हांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आत्मपरीक्षणाच्या वेळी केवळ केलेल्या चुकांचा आढावा न घेता, टाळलेल्या चांगल्या गोष्टींचाही घ्यावा. ह्या आठवड्यात मी कोणते काम "माझी योग्यता नाही" म्हणून सोडले? ती अडचण होती की नकार? हे वाक्य देवापुढे मोठ्याने उच्चारून पाहावे. पुष्कळदा ऐकताच त्याचे स्वरूप कळते.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या पात्रतेचा निर्णय एकट्याने करू नये. आध्यात्मिक मार्गदर्शक, ज्येष्ठ सहकारी, प्रसंगी मंडळीतील एखादी सुज्ञ वृद्धा ह्यांस विचारावे. त्यांनी नको म्हटले तर थांबण्यात नम्रता आहे. त्यांनी कर म्हटले तर करण्यातही नम्रताच आहे.

तिसरी गोष्ट, एक लहान काम निवडून ते नेमाने, उत्तम रीतीने करावे. दर रविवारचे शुभवर्तमान सोमवारीच वाचून ठेवावे. वर्षातून एका विषयाचे टिपण जुन्या वहीतून न उचलता नव्याने लिहावे. वर्गात मुलाने विचारलेला जो प्रश्न सुटला नाही, तो लिहून घेऊन पुढच्या आठवड्यात उत्तरासह परत यावे. मुलाला उत्तराहून अधिक ही गोष्ट आठवत राहते की, आपल्या प्रश्नासाठी कोणी तरी अभ्यास केला.

चौथी गोष्ट, देणाऱ्याचा चेहरा रोज पाहावा. प्रार्थनेशिवाय उत्तमतेचा ध्यास लवकरच धावपळ बनतो, आणि अपयश आले की भयाला नवे कारण मिळते. पौलाने तीमथ्याला कृपादान पुन्हा प्रज्वलित करावयास सांगितले, तेव्हा लगेच हेही सांगितले की देवाने दिलेला आत्मा भित्रेपणाचा नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा आहे (२ तीमथ्य १:६–७). निखारा विझलेला नसतो. त्यावर राख जमलेली असते.

शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करितो. तालांत पुरल्याने त्या दासाचे नुकसान झाले, हे आपण दाखल्यात वाचतो. पण त्या तालांताने ज्यांचा व्यवहार चालला असता, ज्यांच्या घरी चार पैसे गेले असते, त्या लोकांचा उल्लेख दाखल्यात नाही. आपल्या बाबतीत ते लोक अनामिक नाहीत. रविवारी समोरच्या बाकांवर ते बसलेले असतात. आपली भीती आपण नम्रता म्हणून जपतो, तेव्हा त्यांच्या वाट्याचे अन्न आपण जमिनीत पुरतो. हे ओळखून ज्याने त्याने आपापला खड्डा शोधावा. माती अजून मऊ आहे, तोवर उकरणे कठीण नाही.